त्यात शिकायचं काय?

महागावात पोरीनं नर्सिंग घेतलं तर लोक पगार विचारतात. पोरानं इंजिनिअरिंग घेतलं तर कॉलेज विचारतात. कुणी शेतकी घेतली तर 'शेत घरीच हाय की' एवढं म्हणून दुसऱ्या विषयाकडे वळतात. समाजशास्त्र घेतलं तर मात्र कुणी काही विचारत नाही. उलट सांगायला लागतात. समाज कसा होता, कसा बिघडला, कोणामुळे बिघडला आणि नागपूर-तुळजापूर रस्ता चौपदरी झाल्यापासून किती वेगानं बिघडतोय, हे सगळं बसस्टँडजवळच्या टपरीवर एका हाफ चहात उरकतं. ग्लास खाली ठेवता ठेवता सांगणारा निष्कर्षही देऊन टाकतो : "आता यात शिकाचं काय हाय बाप्पा?"

माझ्या भाचीनं यंदा अमरावतीच्या विद्यापीठात समाजशास्त्रात एम.ए. करायचं ठरवलं आहे. बी.ए.ला हा विषय इतर दोघांच्या सोबतीनं होता, त्यामुळे तो कुणाच्या डोळ्यावर आला नव्हता. एकटा उभा राहिला तेव्हा घरातल्यांना दिसला. मग ओळीनं सल्ले आले. एका काकांनी पोलीस भरती सुचवली, दुसऱ्यांनी डी.एड.चे जुने दिवस आठवून उसासा टाकला. तिसरे जाणकार होते. ते म्हणाले, "एम.ए. करशील, नेट करशील, सेट करशील, मंग तासिका तत्त्वावर लागशील, आन् मंग?" या 'आन् मंग'ला भारतातल्या कुठल्याच विद्यापीठाकडे अजून उत्तर नाही. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत समाजशास्त्र ऐच्छिक विषय आहे आणि त्याला दोन पेपर मिळून ५०० गुण आहेत, हे भाचीनं सांगितल्यावर वातावरण थोडं निवळलं. पोरगी समाजशास्त्र शिकते हे घराला पटत नव्हतं. ती कलेक्टर व्हायच्या वाटेवर समाजशास्त्रावरून जाते, हे पटलं.

या विषयाची खरी अडचण नोकरीची नाहीच. भौतिकशास्त्राचा विद्यार्थी पाटी कोरी घेऊन वर्गात बसतो. इलेक्ट्रॉन या विषयावर महागावात आजतागायत कुणाचं मत मी ऐकलेलं नाही. इलेक्ट्रॉन पूर्वी कसे वडीलधाऱ्यांचं ऐकायचे आणि हल्ली कसे मोबाइलमध्ये तोंड घालून बसतात, असं कुणी म्हणत नाही. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे सुख नाही. त्याला शिकण्याआधीच सगळं येत असतं. घरच्यांना येतं, शेजाऱ्यांना येतं, एसटीच्या कंडक्टरला तर सगळ्यात जास्त येतं. त्यामुळे इथे तयारी करायची म्हणजे माहीत नसलेलं पाठ करायचं नसतं. माहीत असलेलं थोडा वेळ बाजूला ठेवायचं असतं. आणि आपल्याकडे एकदा माहीत झालेली गोष्ट बाजूला ठेवणं हे माहीत नसण्यापेक्षा कमीपणाचं समजतात.

तयारीच्या पुस्तकातल्या पहिल्याच पाठापासून ही गंमत सुरू झाली. समुदाय म्हणजे काय, तर निश्चित भूभाग आणि 'आम्हीपणा'ची भावना. भाचीनं वही उघडून हे महागावला लावून पाहिलं. जिल्हा यवतमाळ, विभाग अमरावती, विधानसभेचा मतदारसंघ उमरखेड, लोकसभेचा हिंगोली. म्हणजे आमदार विदर्भातला आणि खासदाराचा मतदारसंघ मराठवाड्यातल्या गावाच्या नावाचा. लग्नाचा बस्ता पुसदला, मोठं आजारपण नांदेडला आणि वेगळ्या विदर्भाची चर्चा घरी. एकाच ओसरीवर बाप 'मले' म्हणतो आणि मराठवाड्यातून आलेली सून 'मला'. तांड्यावर गेलं की दोन्ही नाही, तिथे बंजाऱ्यांची गोरमाटी. निश्चित भूभागाचा हा असा निकाल लागल्यावर भाचीनं आम्हीपणाची भावना शोधली. ती शेवटची एसटी चुकल्यावर स्टँडवर उरलेल्या माणसांत सापडली.

नंतरचा पाठ मुलाखतीचा. मुलाखत कशी घ्यावी, आधी विश्वास कसा संपादन करावा, वैयक्तिक प्रश्न शेवटी का ठेवावेत, असं त्यात बरंच आहे. आमच्या आईनं हे पुस्तक वाचलेलं नाही, कारण तिनं कुठलंच वाचलेलं नाही. पण एसटीत तिच्याशेजारी अनोळखी बाई बसली की पुसद येईपर्यंत प्रश्नांची अनुसूची भरून तयार असते. कोनाची व्हय तू, कोन्या गावची, माहेर कोनतं, लेकरं किती, वावर किती, वलीत का कोरडवाहू, सासू कशी. सासूचा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. विश्वास संपादन करण्याचा पाठ तिथे आपोआप पाळला जातो.

या अनुसूचीत एक प्रश्न कधीच नसतो आणि त्याचं उत्तर मात्र नेहमी मिळतं. जात कुणी विचारत नाही. आडनाव विचारतात. आडनाव दोन्हीकडे चालणारं निघालं तर पाहुणे कोणत्या गावचे ते विचारतात. तेवढ्यानंही उलगडलं नाही तर कुलदैवत येतं. मग चेहऱ्यावर समाधान उमटतं आणि पुढच्या वाक्यापासून 'तुम्ही' किंवा 'तू' ठरून जातं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जातीवर निबंध वाचला तेव्हा ते पंचविशीत होते. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावल्यानं, हे त्यांनी तिथे मांडलं. त्या निबंधाला शंभरावर वर्षं झाली. आज लग्नाच्या बायोडाटावर वर गणपती असतो, खाली मामाचं गाव असतं आणि 'अपेक्षा' या रकान्यात 'अनुरूप' हा एकच शब्द असतो. त्याचा अर्थ मात्र कुणालाही समजावून सांगावा लागत नाही.

विद्यापीठ तरी निराळं का असावं? जातीचा अभ्यास सुरू करण्याआधी जातीचा दाखला लागतो. दाखल्याला पडताळणी लागते, पडताळणीला आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा लागतो आणि उताऱ्यावर आजोबांचं आडनाव असं काही लिहिलेलं असतं की ते वेगळेच गृहस्थ वाटावेत. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, नॉन-क्रिमिलेअर, टीसी, मायग्रेशन, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरनं नोकरशाहीवर लिहिलेलं प्रकरण भाचीनं सेतू केंद्राच्या रांगेत वाचून पूर्ण केलं. वेबर म्हणतो, नोकरशाहीत व्यवहार माणसाशी नसून कागदाशी असतो. रांगेत मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्यानं स्वतःचा हयातीचा दाखला स्वतःच धरला होता. त्यानं मान हलवून वेबरला दुजोरा दिला.

आता पुस्तकं. एक चांगली गोष्ट अशी की हा विषय परका नाही. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली सुरू झाला, पहिले प्रमुख स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस. पण १९२४पासून तो विभाग गोविंद सदाशिव घुर्ये यांनी चालवला, आणि ते मालवणचे. भारतीय समाजशास्त्राचे जनक म्हणतात ते हेच. त्यांच्याही आधी, १९१५ साली, त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा' लिहून बलुतेदार, अलुतेदार, वतनं, मानपान यांचा सगळा हिशेब मांडून ठेवला होता. टपरीवर या पुस्तकाचं नाव काढलं तेव्हा एकजण म्हणाला, "आमचा आजाबी हेच सांगे." असेल. पण आजा सांगून गेला आणि आत्र्यांनी लिहून ठेवलं. आज्याचं सांगणं तपासायला आता आजा नाही. पुस्तक तेवढं आहे.

लिहून ठेवणंही नेहमी पुरत नाही. घुर्यांचे विद्यार्थी एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ साली म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहून टिपणं काढली. एप्रिल १९७०मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला त्यांच्या संस्थेला आग लागली आणि त्या टिपणांवरून तयार केलेलं काम जळालं. त्यांनी आठवणीवर भिस्त ठेवून खेड्याचं चित्र पुन्हा उभं केलं आणि १९७६ साली त्यावरचं त्यांचं गाजलेलं पुस्तक निघालं. ही हकीकत ऐकून भाचीच्या मैत्रिणी हळहळल्या. आई हळहळली नाही. "एका गावाचंच ना? त्याले कागद कायले पायजे?" तिच्या डोक्यात आजूबाजूच्या कित्येक गावांच्या सोयरिकी आहेत, मोडलेल्या सोयरिकींसकट. ती माहिती कुठल्याही आगीनं जळणारी नाही. फक्त ती तिच्याच बाजूनं लिहिलेली आहे.

इरावती कर्व्यांची गोष्ट मात्र आईला पटली, निदान अर्धी. इरावतीबाई १९२०च्या दशकाच्या शेवटी बर्लिनला संशोधनाला गेल्या. मार्गदर्शक होता ऑयगेन फिशर. गोऱ्या माणसाच्या कवटीची ठेवण वेगळी आणि म्हणून बुद्धी वरचढ, असा त्याचा होरा. बाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा काही फरक दिसत नाही असं प्रबंधात लिहून दिलं. उत्तर आधीच माहीत असलेल्या माणसासमोर बसून मोजायचं आणि आलेलं माप तसंच सांगायचं, एवढ्यात अख्खा विषय आला. आईनं विचारलं, "मंग त्या गुरूनं पास केलं का तिले?" केलं, म्हटल्यावर ती म्हणाली, "मानूस बरा असंन." फिशर पुढे नाझींच्या वंशशास्त्राचा मोठा आधार ठरला, हे आम्ही तिला सांगितलं नाही. कुठलाही निष्कर्ष एका उदाहरणावर काढू नये, हा पुढचा पाठ होता.

याच इरावतीबाईंनी १९५३ साली भारतातल्या नातेसंबंधांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात महाराष्ट्रातली एक रीत नोंदली आहे : मुलानं मामाची मुलगी केलेली चालते, आत्याची मुलगी करण्याची रीत नाही. मामाची पोरगी चालते हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. भाचीनं घरात विचारलं, एक चालते तर दुसरी का नाही? आईकडे एसटीतल्या सगळ्या बायांची उत्तरं होती, या प्रश्नाचं नव्हतं. "तसंच असते." भाचीनं पुन्हा विचारलं, "पण काहून?" आई म्हणाली, "कारन तसंच असते." त्या दिवसापासून आमच्या घरात 'काहून' या शब्दावर अघोषित बंदी आहे.

पण विषय खरा रंगला तो ब्लाऊजपीसवर. मालिनोव्हस्की नावाच्या पोलिश संशोधकानं न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअंड बेटांवर राहून १९२२ साली पुस्तक लिहिलं. तिथले लोक जिवावर उदार होऊन होडीतून दूरच्या बेटांवर जातात, तिथल्या माणसाला शिंपल्यांची माळ देतात आणि त्याच्याकडून शिंपल्याचं कडं घेतात. माळा एका दिशेनं फिरतात, कडी उलट दिशेनं. कुणी ती कायमची ठेवून घेत नाही. जगभरच्या विद्यापीठांत हा प्रकार अचंब्यानं शिकवतात. भाचीनं हे मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा स्वयंपाकघरातल्या एकाही बाईला अचंबा वाटला नाही. आमच्याकडे टॉवेल-टोपी आणि ब्लाऊजपीस नेमके असेच फिरतात. लग्नात आलेला ब्लाऊजपीस बारशात जातो, बारशातला वास्तूत, वास्तूतला हळदीकुंकवात. तो कुणाच्याही मापाचा नसतो आणि त्याचा रंग कुणालाही आवडत नाही. त्यामुळेच तो शिवला न जाता वर्षानुवर्षं घडीचा राहतो. होडीऐवजी एसटी आहे, एवढाच फरक.

१९२५ साली मार्सेल मोस या फ्रेंच पंडितानं यावर निबंध लिहिला आणि सांगितलं की भेट ही कधीच फुकट नसते. देणं बंधनकारक, घेणं बंधनकारक आणि परत करणंही बंधनकारक. लग्नमंडपात वही घेऊन बसलेल्या आमच्या काकांना मोस माहीत नाही. पण आहेर लिहिताना ते घरची जुनी वही शेजारी उघडी ठेवतात, आणि रक्कम ऐकून त्यांची भुवई वर जाते की खाली येते यावरून मोसचा तिसरा नियम मोडला की पाळला हे अख्ख्या मांडवाला कळतं. पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' असं छापलेलं असलं तरी ती वही असतेच. एकदा भाचीनं काकांना विचारलं, मग पत्रिकेवर छापता कशाला? काका म्हणाले, "ते छापावं लागते."

एवढी तयारी झाल्यावर तिनं सरावासाठी पाहणी काढली. विषय साधा : घरातले निर्णय कोण घेतं. पद्धतही पुस्तकातली : प्रत्येक दहावं घर. हा नमुना संध्याकाळपर्यंतही टिकला नाही. नवव्या घरची बाई रस्त्यात उभी राहून म्हणाली, "आमच्या घरी काहून नाई आली वं? तिच्या घरी च्या घेतला म्हने." अकराव्या घरानंही तेच मनावर घेतलं. नमुना पाहणी सुरू केली होती, जनगणना करून परत यावं लागलं. एका घराला कुलूप होतं, तर शेजारणीनं त्या घराची उत्तरं दिली. ती घरच्यांनी दिली असती त्यापेक्षा सविस्तर होती. निम्म्या घरांनी उत्तर द्यायच्या आधी आधार कार्ड पुढे केलं आणि पैसे कोणत्या खात्यात येतात ते विचारलं. लाडकी बहीण योजनेपासून वही घेऊन दारात आलेल्या कुठल्याही पोरीकडे माणसं आशेनं पाहतात.

उत्तरं तर एकासारखी एक. घरमालक खुर्चीत नीट बसून सांगायचा, "आमच्या घरी सगळे मिळून ठरोतो." आतून आवाज यायचा, "कवा?" सोयाबीन कधी विकायचं हे कोण ठरवतं? "मी." आतून, "मंग मागच्या साली काहून ठेवलं व्हतं?" अशा वेळी उत्तर कुणाचं धरायचं याचं मार्गदर्शन पुस्तकात नाही. भाचीनं दोन्ही लिहिली. गावानं तिची पाहणी केली ती मात्र एकमतानं झाली. घरात मुलं किती, शेती किती, निर्णय कोण घेतं, असं विचारत तरणी पोरगी दारोदार फिरते म्हटल्यावर संध्याकाळी बातमी आली की पोट्टी आपलं स्थळ आपणच पाहून राह्यली. दोन घरांनी तर पोराचा बायोडाटाही पाठवला.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खाइमशी येईपर्यंत हे हसणं चाललं. त्यानं १८९७ साली आत्महत्येवर ग्रंथ लिहिला. माणूस एकट्यानं, बंद दाराआड घेतो असा निर्णयही त्याच्या एकट्याचा नसतो, त्यामागे समाजाची कारणं असतात, हे त्यानं आकडे मांडून दाखवलं. हा पाठ महागावला घोकावा लागत नाही. चिलगव्हाण आमच्याच तालुक्यात आहे. तिथले शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार लेकरांसह १९ मार्च १९८६ रोजी जीवन संपवलं. महाराष्ट्रातली नोंदली गेलेली पहिली शेतकरी आत्महत्या म्हणून ती सांगितली जाते आणि दर १९ मार्चला राज्यात अनेक जण अन्नत्याग करतात. पुढे २००६ साली पंतप्रधान विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. टपरीवर आत्महत्या का होतात याचंही उत्तर तयार असतं. कुणी दारू म्हणतं, कुणी लग्नाचा खर्च, कुणी 'त्याचा सोभावच तसा' म्हणतं. तयार उत्तर मिळालं की पुढे कापसाचा भाव, पाणी, सावकार, बँक यांचा हिशेब कुणी मांडत बसत नाही. त्या संध्याकाळी भाचीनं कुणालाच 'काहून' विचारलं नाही. पानं मात्र पुन्हा पुन्हा वाचली.

ती ज्या विद्यापीठात जाते आहे ते १९८३ साली सुरू झालं आणि आज त्याला संत गाडगेबाबांचं नाव आहे. नाव देणाऱ्यांनी मुद्दाम ठरवलं असेल असं नाही, पण समाजशास्त्राला इतकं शोभणारं नाव दुसऱ्या विद्यापीठाला क्वचितच मिळालं असेल. हा माणूस शाळेत गेला नाही. गावात शिरल्यावर आधी झाडू मारायचा, म्हणजे गाव कसं आहे ते सांगोवांगी न घेता जमिनीवरून पाहायचा. रात्री कीर्तनात उभा राहून लोकांनाच प्रश्न विचारायचा. देव, नवस, कर्ज, दारू, लेकरांची शाळा, सगळ्यावर प्रश्न. उत्तर लोकांनी द्यायचं आणि देता देता त्यांनाच ते बोचायचं. आमच्याकडे बाबांचा फोटो प्रत्येक शाळेत आहे. ते प्रश्न मात्र फोटोत येत नाहीत.

घरातला विरोध आता मावळला आहे. ज्या काकांना पोलीस भरती हवी होती तेच अमरावतीच्या वसतिगृहाची चौकशी करून आले. भाचीनं त्यांना आहेराच्या वहीचे मागचे खंड मागितले होते, हे कारण असावं. चौथे एक नातेवाईक म्हणतात, तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचंही केंद्र आहे, आपल्याच रस्त्यानं सरळ जाता येतं, तिकडे धाडा. त्यांचा रोख असा की ते अमरावतीपेक्षा लांब आहे.

निघायच्या आदल्या दिवशी आईनं नातीची ओटी भरली. ओटीत हिरवा ब्लाऊजपीस होता. भाचीनं तो उलटसुलट पाहिला आणि ओळखला. आमच्याच घरून तो मावशीकडे गेला होता, तिथून तिच्या नणंदेकडे, आणि संक्रांतीला परत आला होता. बंदी मोडून तिनं विचारलं, "आजी, हा कुनीच काहून शिवत नाई?"

यावेळी आई 'तसंच असते' म्हणाली नाही. जरा विचार करून बोलली, "शिवला का संपला. मंग पुन्हा जायाले-याले कारन काय राह्यलं?"

भाचीनं वही काढली आणि ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. आई तिच्या खांद्यावरून वहीत पाहत होती. म्हणाली, "परीक्षेत याचे किती मार्क भेटते?"